आत्याची विलायती पोथी

आमच्या घरात इंग्रजी पुस्तक आलं ते माझ्यामुळं, आणि त्याला हळदकुंकू लागलं ते आत्यामुळं. मी तेव्हा बेळगावात मॅट्रिकच्या वर्गात होतो. इंग्रजी सुधारावं म्हणून मास्तरांनी एक जाडजूड कादंबरी वाचायला दिली होती. लंडनमधला एक घड्याळजी धुक्यात वाट चुकतो आणि भलत्याच जगात जाऊन पडतो. तिथं ना आगगाडी, ना तारयंत्र. नुसते किल्ले, चिलखतं घातलेले सरदार, मंत्रतंत्र करणारे बुवा आणि शापानं झोपी गेलेला एक राजा. त्या राजाला जागं केल्याशिवाय याला घरी परत जाता येत नाही, अशी ती गोष्ट होती.

खडेबाजारामागच्या गल्लीत आमचं लहानसं घर. आई आमच्या लहानपणीच गेली होती. अप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून, सणासुदीलाच घरी यायचे. आम्हा दोघा भावंडांना वाढवलं ते विधवा आत्यानं. त्या वर्षी आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं मन रमावं म्हणून मी दिवेलागणीला ती कादंबरी मराठीत सांगायला लागलो. आत्या वाती वळत ऐकायची. थोडे दिवस गेले आणि एके दिवशी बघतो तर पुस्तक पाटावर, खाली धुतलेलं वस्त्र, वर जास्वंदीचं फूल आणि बाजूला समई.

"आत्या, ही शाळेतली कादंबरी आहे गं," मी म्हणालो.

"राजा हाय, शाप हाय, परमुलखात अडकलेला जीव हाय. मग पोथीच की रं. हात धुऊन बस."

मला हसू आवरेना. आत्यानं मात्र देवापुढं संकल्प सोडला होता. आक्का सुखरूप मोकळी व्हावी म्हणून बाळंतपणाआधी ही पोथी तडीला न्यायची. एकदा सोयर आलं की वाचन बंद पडणार. समाप्ती होईपर्यंत घर सोडायचं नाही, समई विझवायची नाही आणि पेटती एकटी टाकून जायचंही नाही.

पोथी मानली म्हणून आत्या मुकाट ऐकायची, असं मात्र नव्हतं. घड्याळजी किल्ल्यातल्या लोकांना वेळ सांगायला धडपडायचा, ते त्याला चेटक्या म्हणायचे. मला त्यांच्या अडाणीपणाची चीड यायची. आत्या त्यांच्याच बाजूची. "कोंबडा आरवतोय, सूर्य उगवतोय, त्यास्नी घड्याळ कशाला? उगीच लोकांच्या डोक्याला ताप!" आक्का पोट धरून हसायची.

पुस्तक निम्मं झालं असेल, तेव्हा गल्लीत उंदीर पडायला लागले. प्लेग नवा नव्हता, उंदीर पडला की काय करायचं ते पोराबाळांनाही ठाऊक होतं. घराला कुलूप घालून माळावर झोपडीत जायचं. पलीकडचं घर रिकामं झालं, मग समोरचं. भांड्याकुंड्यांनी भरलेल्या गाड्या दारावरून जायला लागल्या. येळ्ळूरच्या वाटेवर आमचा जमिनीचा तुकडा होता. तो कसणाऱ्या कुळानं तिथं झोपडी उभी केल्याचा निरोप धाडला. आत्या म्हणाली, "पोथी झाली की निघू."

माझं धाबं दणाणलं. इंग्रजी अवघड, पानोपानी कोश उघडायला लागायचा. मी शाळा बुडवून सकाळपासून वाचायला बसलो. घसा बसला. वर माळ्यावर खुडबुड झाली की शब्द तोंडातच राहायचा. खुडबुड थांबली की जास्तच भीती वाटायची. एकदा मी अख्खं प्रकरण गाळून पुढं गेलो. आत्यानं वात वळता वळता विचारलं, "आणि कोठडीतली ती राजकन्या? तिला तशीच उपाशी ठेवलीस व्हय?" मुकाट्यानं मागं आलो. आत्याचा मला इतका राग आला होता की तिच्याकडं बघवत नव्हतं. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिलाच ही घालवून बसणार, असं मनात यायचं.

आणि एका सकाळी चुलीपाशी उंदीर पडला. आमच्याच घरात. शेपटी ताठ, तोंडाला रक्त. आक्का भिंतीला टेकून उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. मी गाडी बघायला धावलो. परत आलो तर आत्या पाटासमोर मांडी घालून बसलेली. तिचा आवाज कापत होता.

"वाच. थोडंच ऱ्हायलंय. आर्धी पोथी टाकून उठलं तर पोरीचं बरं व्हायचं न्हाय रं."

तिलाही भीती होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. बोलली ती आक्का. कमरेवर हात ठेवून ती हळूहळू पाटापाशी आली, पुस्तक उचलून कपाळाला लावलं आणि पदराखाली घेतलं.

"आत्या, संकल्प माझ्यासाठी सोडलायस न्हवं? मग मी जिथं, तिथं पोथी. ऱ्हायलेली मी रानात ऐकते."

आत्या म्हणाली, "व्हय. तुझं बराबर हाय." आमचा जीव भांड्यात पडणार, तोच पुढं म्हणाली, "तुम्ही निघा. समई भरलेली हाय. ती शांत झाली की मी येतो." आम्ही हातापाया पडलो, रडलो. आक्का तर उंबऱ्यातच बसली. आत्यानंच तिला दंडाला धरून उठवलं आणि गाडीत घातलं.

रानातल्या झोपडीत पोचल्यावर मला चैन पडेना. दिवसभर मी बांधावर उभा राहून वाटेकडं डोळे लावले. शेवटी दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर आत्या दिसली, चालत, हातात रिकामी समई. मी पळत सुटलो. तिनं लांबूनच हात वर केला.

"तिथंच थांब. मी त्या घरातनं आलोय. पोटुशी पोरीजवळ यायची न्हाय मी."

शेताच्या पार टोकाला चिंच होती, तिथं ती बसली. कुळानं तिला चार कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा करून दिला. भाकरी मधल्या दगडावर ठेवून आम्ही मागं सरायचो, मग ती उठून न्यायची. संध्याकाळी तिनं हाक मारली, "वाच रं, मोठ्यानं." मी शेताच्या मधोमध उभा राहून ओरडून ओरडून घड्याळजीची कथा सांगितली. राजा अजून झोपलेलाच होता. ती मधूनमधून काहीतरी शेरा मारायची, वाऱ्यात तो नीट ऐकू यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं वाचायला हाक मारली नाही. भाकरी दगडावरच राहिली. आडोशाला बसून ती थंडीनं कुडकुडत होती, एवढ्या उन्हात. काखेत गाठ आली होती. मी पुढं झालो की चिडून ढेकूळ फेकायची. त्याच दिवशी आक्काला कळा सुरू झाल्या.

कुळाची बायको सुईणपण करायची, तिनं सगळं निभावलं. मुलगी झाली, धडधाकट, रडून रान डोक्यावर घेणारी. आक्का ओली बाळंतीण, पण कुणाचं ऐकायला तयार नव्हती. कुळाच्या बायकोचा आधार घेऊन झोपडीच्या दारात आली आणि पोरीला दोन्ही हातांवर उंच धरून चिंचेकडं दाखवली.

आत्या पेंढीला धरून अर्धवट उठली. बराच वेळ बघत राहिली. मग सगळा जीव गोळा करून तिनं हाक दिली. आम्हाला उद्देशून ती शेवटचं बोलली ते तेवढंच.

"उन्हात धरू नगंस गं तिला. आत घे."