विन्याचा सरदार

हेमावहिनींचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करत होतो. "भावोजी, हे उठत नाय हो..." एवढंच बोलल्या. त्यांचा नवरा विन्या, माझा शाळेपासूनचा मित्र, बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरचा, जाळं एकट्याने ओढणारा गडी, झोपेतच गेला. महिना उलटला, तरी मला धड रडू आलेलं नाही. राग येतो, मधेच हसू येतं, मग काहीच कळेनासं होतं.

हसू येतं ते त्या गेममुळे. आम्ही शाळेत असताना बोईसरला कुणीतरी मोडीत काढलेला कॉम्प्युटर विन्याच्या बापाने घरी आणला, त्यात तो होता. प्लास्टिकचे ठोकळे जोडून केलेली माणसं, ठोकळ्यांचाच किल्ला, आत आग ओकणारा ड्रॅगन. विन्या सरदार, मी दाढीवाला जादूगार. पुढे मी कारखान्यात चिकटलो, तो बोटीवर गेला. पण पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन बोटी किनाऱ्याला ओढल्या, की सुट्टीच्या दिवशी मी नवापूरला हजर. लग्नं झाली, पोटं सुटली, गेम तोच. नवे गेम दाखवले तर म्हणे, "त्यात माणसं खरी दिसतात रे, मजा नाय."

किल्ल्यावर जायला होडी होती. आणि हा बाबा दर्याला नारळ दिल्याशिवाय होडीत पाय ठेवेना! तिथे नारळ कुठला? मग याने सरदाराच्या हातातला सोन्याचा गोळा पाण्यात सोडला. पलीकडे पोचलो, तर किल्ल्याचं दार नेमकं त्या गोळ्यानेच उघडायचं. "मेल्या, अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडलो. हा गंभीरपणे म्हणाला, "आमी असंच जातो." पुन्हा सगळं पहिल्यापासून. बरं, एकदा चुकला म्हणावं, तर पुढच्या पावसाळ्यातही तेच, माहीत असून! ड्रॅगनचं तोंड आम्ही कधी पाहिलंच नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. "कॉम्प्युटर घेऊन जा भावोजी. माझ्याच्याने बघवत नाय." वायरी काढण्याआधी चालतो का बघावं म्हणून मी गेम लावला. माझा जादूगार निघाला... आणि मागोमाग विन्याचा सरदारही निघाला. दुसरा खेळणारा नसला, की त्याच्या माणसाला गेम आपणच चालवतो. विन्या कायम शेजारी असायचा, मला हे ठाऊकच नव्हतं. मी उडी मारली, त्याने मारली. मी थांबलो, तो थांबला. याच्याकडे विन्या म्हणून बघायचं, की मशीन म्हणून बंद करायचं?

वहिनी दारात उभ्या होत्या. "यांचा कुठला?"

मी बोट दाखवलं. त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या. बराच वेळ बघितल्यावर म्हणाल्या, "ते नाय हे, भावोजी. ते कुणाच्या मागं चालणारे नव्हते."

खरंच होतं ते. मी बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "चालू दे जरा..."

मी जादूगाराला होडीच्या अलीकडे, काठावरच फिरवत राहिलो. वहिनींची नजर सरदारावरून हलली नाही.