माट्यांची कोरी भिंत

भालचंद्र माटे पुण्याहून बदलून कलकत्त्याला आले ते एकाहत्तरच्या निवडणुकीच्या तोंडावर. बँकेतले अधिकारी, माणूस सरळ. कुठल्याही गावी गेले तरी त्या गावाला न विचारता पुण्याचे नियम लागू करत.

बालीगंजमधल्या त्यांच्या गल्लीत देशाचे सगळे प्रश्न भिंतींवर सुटत होते. एका भिंतीवर संस्थानिकांचे तनखे बंद झाले होते, समोरच्या भिंतीवर गरिबी. मधला फुटका नळ तेवढा कुठल्याच पक्षात नसल्यामुळे वाहत होता.

माट्यांची काळजी वेगळी होती. रविवारी त्यांच्या वृंदाला बघायला कलकत्त्यातल्याच भवानीपूरची खांबेटे मंडळी येणार होती, आणि दाराशेजारच्या भिंतीचे पोपडे निघाले होते. शनिवारी सकाळी त्यांनी स्वतःच भिंतीला चुना लावला.

निवडणुकीआधी कलकत्त्यात भिंतीला चुना लागला, की कुठल्यातरी पक्षाने ती घोषणांसाठी धरली असं समजतात. माट्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. चुना वाळायच्या आत एका पक्षाचे कार्यकर्ते आले.

"माटेबाबू, भिंत कोणासाठी?"

"पाहुणे येणार आहेत."

"दिल्लीहून?"

"छे, भवानीपूरहून."

कार्यकर्ते विचारात पडून निघून गेले. दुपारी विरुद्ध पक्षाचे आले. त्यांनाही हेच प्रामाणिक उत्तर मिळालं. भवानीपूरहून कोणीतरी तिसराच येतोय, अशी दोघांचीही खात्री पटली. तो कोण हे कळेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि दोघांनीही समोरच्या चहाच्या टपरीवर पहारा बसवला.

रविवारी शरच्चंद्र खांबेटे सहकुटुंब आले. जन्मापासून कलकत्तेकर असलेला हा मनुष्य भिंत बघून जागीच थबकला. सबंध गल्ली रंगलेली, एवढी एकच भिंत दुधासारखी. आणि टपरीवरचे दोन्ही पक्ष त्यांना बघून चक्क उठून उभे राहिले.

वृंदा पसंत पडली. पण खांबेट्यांचा जीव भिंतीत अडकला होता.

"माटे, हे जमवलंत कसं?"

"काही नाही हो. पाहुणे येणार म्हणून सांगितलं."

"आणि त्यांनी ऐकलं?"

"ऐकलं की."

खांबेट्यांनी कप खाली ठेवला. "व्याहीबुवा, आमच्या भिंतीचंही तेवढं बघा ना!"

खरं काय ते सांगायला माट्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी त्यात पेढा घातला. "बघतील की! येत्या रविवारीच येतील."

त्या रविवारी माटे ट्रॅमने भवानीपूरला निघाले. गर्दी होती, तरी त्यांच्या शेजारी कोणी बसेना. निवडणुकीच्या दिवसांत मांडीवर चुन्याची बादली घेऊन बसलेला माणूस कोणत्या पक्षाचा, ते आधी कळायला नको?