बेशरम कोणाले म्हणता?

मी आयुष्यात एकदाच वीज पिकवायला गेले, आणि त्यावर एकूण गंजभर, म्हणजे पातेलंभर चहा झाला.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. धानाच्या कोंड्यावर वीज करणाऱ्या कारखान्याचे एक साहेब एकोडीला आमच्या घरी आले. म्हणाले, "वाळुंजाची झाडं लावा. वाढलं की कापा, आम्ही भट्टीत जाळू, ते बुडातून पुन्हा फुटेल." काड्यांची मोळीही देऊन गेले. काड्या भिजवायच्या, डोळे वर ठेवून जमिनीत खुपसायच्या, तण उगवू द्यायचं नाही. मी एका दुपारचं प्रशिक्षण घेतलं होतं, म्हणजे अख्ख्या गावात शास्त्रज्ञ मीच!

पण बोडीखालची, म्हणजे लहान तळ्याखालची बांधी, आमचं धानाचं खाचर, सासूबाईंच्या मालकीचं.

"धानाची बांधी काड्याईले देऊ?"

"आत्याबाई, एक डाव द्या जी. नाई फुटलं त शेतीतलं पुन्हा बोलणार नाई."

"साहेब पाहाले येईन तवा फुटलं असन, त बांधी तुई. नाई त जलमभर तोंड बंद!"

(माझं तोंड बंद! गावानं त्यासाठी नवस बोलला असता.)

मी मोळी विहिरीजवळच्या टाक्यात टाकली, "वाळुंजाकडे पाहाल जी" असं सासूबाईंना सांगितलं आणि मोहाडीला माहेरच्या लग्नाला गेले. परत येऊन पाहते तर मोळी टाक्यात, भिजून टम्म! लगेच पदर खोचला आणि एकेक काडी डोळा वर करून लावली.

"माही कुंपनाची मोळी कुठी गेली वो?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तुमची वस्तू तुमाले कधी सापडते?"

आणि काय सांगू, आठवड्यात कोंब! शेळ्या येत, हुंगत आणि मुकाट निघून जात. मी ह्यांना म्हटलं, "पाहा, जनावराईलेही माझा धाक हाय!"

शेजारची पारबताबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर थबकली. "वयनी, बेशरम लावली काय वो?"

"बेशरम कोणाले म्हणता?"

"तुमाले नाई वो, बांधीत..."

"बांधी माझी, म्हणजे मीच ना!"

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. पानं जरा रुंद निघाली, तर मी म्हटलं, सुधारित वाण असेल.

साहेब यायच्या दिवशी सकाळी बांधीवर गेले आणि पाहते तर काय? फुलं! जांभळट, भोंग्यासारखी! जिल्ह्यातल्या प्रत्येक तळ्याच्या काठी फुलतात ती, ज्या झाडाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही ती! तेवढ्यात बोडीच्या पाळीवर जीप वाजली. मी फुलं ओरबाडून पदरात कोंबू लागले. एक तोडावं तर मागे दोन दिसत होती!

"काय बाई, फुटलं?"

"फुटलं जी!" पदर पोटाशी घट्ट धरून मी म्हटलं.

साहेबांनी एक पान तोडलं. उलटं केलं. सुलटं केलं. माझ्या पदरातून एक फूल निसटलं आणि नेमकं त्यांच्या बुटावर पडलं.

"ही बेशरम आहे."

या वेळी मी भांडले नाही.

"अरे! हे त माही कुंपनाची मोळी!" जीपचा आवाज ऐकून आलेले आमचे हे ओरडले. "टाक्यात मीच टाकली होती!"

"मग आमच्या काड्या कुठे आहेत?" साहेबांचा आवाज चढला.

सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. "त्या वाळवल्या न जी."

"वाळवल्या?"

"हिनंच सांगतलं, वाळुंजाकडे पाहा. पाह्यलं त भिजून राह्यल्या होत्या! नावच वाळुंज, मंग वाळवाचे नाई त काय? पुरवून पुरवून जाळल्या. शेवटच्या ह्या चायेले लागल्या. मस्त जळते जी तुमचा वाळुंज!"

साहेबांनी कप तोंडाला न लावताच परत दिला. मला पैज आठवली. जलमभर तोंड बंद, आता सुटका नाही!

सासूबाईंनी बांधीवरून सावकाश नजर फिरवली. "फुटलं त खरं. बोलली ते बोलली. बांधी तुई." आणि वळता वळता म्हणाल्या, "आता उपट!"

तेव्हापासून उपटतेच आहे. दरवर्षी धानाआधी बेशरम हजर! गावात माझ्या बांधीला आता 'बेशरमबाईची बांधी' म्हणतात. ते नाव झाडावरूनच पडलं, असं पारबताबाई शपथेवर सांगते. फक्त सांगताना पदर तोंडाला लावते.