सत्तावीस अंशांची खोली

माझ्या धाकट्या जाऊबाईने अठ्ठावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून नोकरी केली. तीन मजले, चौतीस खोल्या. मुली कॉलेजला गेल्या की प्रत्येक खोलीत डोकावून दिवे-पंखे बंद करणं हे तिचं पहिलं काम. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा तिला जिन्यातून ऐकू यायचा. मुली तिला मागून बटणबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि माझा अंदाज आहे की आवडतही होतं.

नोकरी संपली तरी कान तसेच राहिले. माझ्याकडे येऊन बसली तरी बोलता बोलता उठायची आणि आतला दिवा मालवून यायची. “ताई, कोणासाठी जळतोय?” एवढंच विचारायची आणि गप्पा पुढे सुरू.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. ती आणि माझे दीर चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या खाली. दीर बस चालवायचे. इंजिनाशेजारी बसून तीस उन्हाळे काढलेला हा माणूस गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी घरातल्या घरात कोसळला. अकरा दिवस रुग्णालयात होता. हृदय अशक्त झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात खोली गार हवी आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एकसारखी हवी. घटकेत गरम, घटकेत थंड हे त्यांना सोसणार नाही.

त्यांची एकुलती मुलगी, माझी पुतणी, दूरच्या एका थंड गावात राहते. तिने लगेच सांगून टाकलं की बाबांना उन्हाळ्याचे चार महिने माझ्याकडे पाठवा. तिच्या घरी सासूबाई आहेत, दोन मुलं आहेत. एक पलंग निघेल, दोन निघणार नाहीत. म्हणजे दिरांनी एकट्यानेच जायचं. ते माझ्याशी शांतपणे बोलले. “वहिनी, मी तिकडे गेलो तर परत येणार नाही. रागाने म्हणत नाही. माझं मला कळतं.” जाऊबाई दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोजपट्टी घेऊन खोलीच्या भिंती मोजत होती.

एसी घ्यायचा ठरला. ती तीन दुकानं फिरली, मला बरोबर घेऊन. कागदावर लिहून नेलं होतं: बारा बाय दहाची खोली, वर गच्ची, खिडकी पश्चिमेला. पहिल्या दुकानात दोन टनांचं मशीन गळ्यात मारायला निघाले. दुसऱ्या दुकानातल्या विक्रेत्याला तिने विचारलं, “हा बंद असताना किती वीज खातो?” तो बिचारा मालकाला विचारून येतो म्हणून जो गेला तो आलाच नाही. तिसऱ्या दुकानातला म्हातारा मालक मात्र तिच्या तोडीचा निघाला. नुसत्या खोलीला एक टन पुरला असता, पण गच्ची दिवसभर तापणार आणि दुपारनंतर ऊन खिडकीतून आत येणार, त्यामुळे लहान मशीन सारखं धापा टाकत राहील, असं तो म्हणाला. दीड टनाचं घ्या, पाच तारे असलेलं आणि इन्व्हर्टर. तारे सगळेच दाखवतात, पण त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं, ते वाचा, हेही त्यानेच शिकवलं. तिने चष्मा लावून सहा मशिनांची लेबलं वाचली.

इन्व्हर्टर म्हणजे काय तेही त्याने समजावलं. जुन्या मशिनाला दोनच गोष्टी कळतात, पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. हे नवं खोली गार झाली की आपला जोर कमी करतं, मंद मंद चालत राहतं, म्हणून वीज वाचते. जाऊबाईने मान डोलावली आणि मशीन घेतलं. पण चालत राहिल्याने वीज वाचते, हे काही तिच्या आत उतरलं नाही. आयुष्यभर तिने बंद केल्यानेच वीज वाचलेली पाहिली होती.

उन्हाळा सुरू झाला तसा तिचा कारभारही सुरू झाला. रिमोट गाऊनच्या खिशात. मशीन लावायचं ते अठरावर, म्हणजे खोली लवकर गार होईल आणि लवकर बंद करता येईल. वीस मिनिटांनी बंद. दिरांच्या कपाळावर घाम दिसला की परत अठरावर. दुपारभर हेच. वर घरी मी गेले की ती अभिमानाने सांगायची, आज सगळं मिळून फक्त पाच तास चाललंय.

पुतणीने एक छोटा तापमापक पाठवला होता. दुपारी बारा ते सहा दर तासाला त्याच्यावरचा आकडा लिहून मला कळव, असं तिने मला बजावलं होतं, कारण आईच्या आकड्यांवर तिचा विश्वास नव्हता. मी लिहीत गेले. बत्तीस, चोवीस, एकतीस, तेवीस, बत्तीस. आठवड्याने तिचा फोन आला.

“काकू, हे आकडे खरे आहेत ना?”

खरे आहेत, मी म्हटलं.

“मग हा काय पाळणा आहे का? पंचवीस तारखेला मी येतेय. परतीची दोन तिकिटं काढलीत, माझं आणि बाबांचं. आईला तूच सांग.”

मी सांगितलं. जाऊबाईने थेट दुकानात फोन करून मशीन बिघडलंय अशी तक्रार केली. कारण आणखी एक होतं. रोज सकाळी सात वाजता ती खाली जाऊन घराचं मीटर वाचते, आणि एवढी दक्षता घेऊनही दिवसाला सतरा युनिटं पडत होती.

फिटर आला. चाळिशीचा, बोलका. त्याने वायरीला, मशीन किती वीज ओढतंय ते दाखवणारं चिमट्यासारखं एक मीटर लावलं आणि मशीन सत्तावीसवर सुरू केलं. मीटरवर सातचा आकडा आला. “मावशी, आता हात लावायचा नाही. चहा चालेल.” तोवर त्याने जाळी धुतली, दाराखालच्या फटीतून येणारी झळ तिला हाताने दाखवली, जाड पडदा लावायला सांगितला, छतावरचा पंखा सगळ्यात हळू चालू ठेवायला सांगितला. पाऊण तासाने मीटरवर दोनचा आकडा होता. खोलीही गार होती.

“बघा. चढ चढेपर्यंत याला जोर लागतो. मग हा सपाटीवर चालतो. तुम्ही याला दिवसातून पंधरा वेळा खाली उतरवून परत चढायला लावताय, आणि तेही अठरावर.”

तो गेल्यावर जाऊबाई म्हणाली, विकणारे असंच म्हणणार, त्यांचं काय जातंय. तेव्हा पलंगावरून दीर बोलले. इतक्या दिवसांत या विषयावर ते पहिल्यांदाच तोंड उघडत होते.

“अगं, त्याचं बरोबर आहे. गावातल्या फेरीला डिझेल जास्त लागायचं ते याच्यामुळेच. थांबा, निघा, थांबा, निघा. हमरस्त्याला गाडी एकदा लागली की पाय नुसता टेकवून ठेवायचा.”

“मग इतके दिवस का नाही बोललात?”

“मशीन सुरू झालं की तुझ्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही. म्हणून मीच म्हणायचो, पुरे, गार झालं.”

हे मलाही नवीन होतं. गारवा टिकायच्या आधीच ते पुरे म्हणत होते, आणि ती समजत होती की त्यांना थंडी वाजते. दोघं एकमेकांची काळजी घेत होते आणि खोली मधल्या मधे तापत होती.

पंचवीस तारखेला नऊ दिवस उरले होते. तिने रिमोट माझ्या हातात दिला. “तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे राहिला तर मी दाबणारच.” सकाळी दहाला मी वर जाऊन सत्तावीसवर लावायचं आणि ऊन पूर्ण उतरेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

पहिले दोन दिवस मी विसरणार नाही. मशीन चाललेलं ऐकवेना म्हणून ती दुपारी माझ्याकडे येऊन बसली. पण एसीचं बाहेरचं युनिट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरच लटकतंय, त्यामुळे ती तिथेच कान लावून उभी. आवाज मंदावला की, “बंद पडलं वाटतं.” मी म्हणायची, नाही, चालू आहे. “मग आवाज का नाही?” हळू चालतंय म्हणून. “असं चोरून कशाला चालतं मेलं?” दिवसातून चारदा तरी ती वर जाऊन नवऱ्याला बघून यायची. तिसऱ्या दिवशी तिने माझं मसाल्याचं अख्खं फडताळ पुसून काढलं. हाताला काम हवं होतं.

आकडे मात्र सत्तावीस, सत्तावीस, अठ्ठावीस, सत्तावीस. दिरांच्या घोट्यांवरची सूज कमी झाली. चौथ्या सकाळी मीटर वाचून ती जिना चढून आली, माझ्या दारात टेकली आणि म्हणाली, “तेरा.” पुन्हा खाली जाऊन एकदा तपासून आली. तेराच.

पंचवीसला पुतणी आली. आईशी धड बोलली नाही, थेट खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि बापाशेजारी खुर्चीवर बसली. तिने स्वतःचा वेगळा तापमापक आणला होता. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. बाहेर डांबर मऊ झालं होतं. जाऊबाई स्वयंपाकघरात बसून होती. पाचाच्या सुमारास आम्ही दोघींनी दार हळूच ढकललं, तर बापलेक दोघंही झोपले होते, पोरीची मान खुर्चीवर वाकडी झालेली आणि आकडा सत्तावीस.

उठल्यावर तिने डोळे चोळले आणि फोनवर बापाचं तिकीट रद्द करून टाकलं. पण अट घातली. आईनेही दुपारी याच खोलीत बसायचं, स्वयंपाकघरात भाजत बसायचं नाही. जाऊबाईने तो गारवा म्हणजे केवळ दिरांचं औषध समजून आजवर एकदाही तिथे पाय पसरले नव्हते.

मला वाटलं, आता ती रडेल किंवा लेकीला जवळ घेईल. ती म्हणाली, “विचारल्याशिवाय दोन काढलीसच कशाला? रद्द करायला पैसे कापतात.”

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. दीर भिंतीकडे तोंड करून हसत होते. मग जाऊबाई आत गेली आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मावेल अशी खुर्ची शोधू लागली.