मांडवात निवडलेलं लढाऊ विमान

सर्व नागरिकांना, पाहुण्यांना आणि दावणीला बांधलेल्या व मोकाट सुटलेल्या समस्त गुराढोरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या हवाई दलाने परदेशातलं नेमकं कोणतं लढाऊ विमान घ्यावं, याचा अंतिम निर्णय आज या मांडवात, वडे तळून होण्याच्या आत घेतला जाईल. इच्छुक विमानांनी चपला बाहेर काढून रांगेत बसावं.

हे मी बोललो. माइकवर बोललो. गेल्या दिवाळीनंतर, नागभीडजवळच्या एका गावच्या मंडईत. वाक्य मला अजूनही आवडतं, आणि माझी लाज तिथूनच सुरू होते.

आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली, लवकर पिकणारं हलकं धान घरात आलं, की एकेक गाव आपापला दिवस धरतं. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दुकानं लागतात, आणि चौकात गंमत, म्हणजे आमचं हसवणारं लोकनाट्य, उभी राहते. गंमतीत दोन माणसं महत्त्वाची. एक जण भोळा चेहरा करून साधा प्रश्न विचारतो, दुसरा त्या प्रश्नाला सगळ्या गावातून फिरवून आणतो. लहानपणापासून हे पाहिल्यामुळे आमच्याकडच्या बोलक्या माणसाला एक खोड लागते. मंडईच्या दिवशी कोणी काहीही विचारलं, की त्याला वाटतं, आपल्याला उभं राहण्याचा इशारा झाला.

मी त्या बोलक्या जातीचा. वरोऱ्यात माझं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि लढाऊ विमानांचं वेड आहे. क्लच प्लेट घ्यायला आलेला माणूस माझ्याकडून रडारची माहिती ऐकूनच परत जातो. काही जण हल्ली रस्त्यावरूनच हाक मारून विचारतात, माल आहे का. आत येत नाहीत.

त्या गावात माझी चुलतबहीण राहते. घरी धानाची शेती, आणि एकुलता एक मुलगा हवाई दलात वैमानिक. तो जे लढाऊ विमान उडवतो ते त्याच्या जन्माआधीपासून आकाशात आहे. फोनवर तो आईला म्हणतो, नवीन विमानं येणार आहेत, तू काळजी नको करू. या एका वाक्यावर ती रात्री डोळे मिटते, हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, नंतर सुटायला जागा नको.

ती मागच्या अंगणात चुलीवर वडे तळत होती. मी पाटावर बसून गरम वडे कमी करण्याचं काम करत होतो. मध्येच तिने विचारलं, "भाऊ, तुले सारं मालूम हाय म्हनून इचारतो. बाहेर देशाचं विमान घेतात तं कसं निवडतात? लवकर होते का ते?"

तिचा झारा कढईवर थांबला होता. खालचा वडा लाल होऊन काळा पडायला लागला होता. मी वडा पाहिला, झारा पाहिला, आणि मला काय ऐकू आलं? इशारा. मी म्हणालो, बाई, हे प्रकरण चुलीपाशी सांगण्यासारखं नाही. आणि तिचा प्रश्न उचलून मी थेट मांडवात गेलो. रात्री दंडारीचं नाटक करणाऱ्यांचा माइक रिकामाच होता.

सुरुवातीला सांगितली ती दवंडी झाली. लोक सरकून बसले. मी म्हणालो, बैल घेताना आधी आपण काय ठरवतो? नांगराला पाहिजे की गाडीला. हवाई दलही आधी तेच लिहून काढतं: किती दूर जायला पाहिजे, किती ओझं न्यायला पाहिजे, समोरचा किती लांबून दिसायला पाहिजे. मग देशोदेशीच्या कंपन्यांना कळवतात, की असं विमान असेल तर घेऊन या.

मग मी विमानं आणली. फ्रेंच विमान नाकावर रुमाल धरून आलं, आमच्या शेणाकडे बघत. रशियन विमान अंगाने दांडगं, पाठीवर थाप मारणारं, पण त्याचा एक नट पाहिजे असेल तर सहा महिने वाट पाहा. स्वीडनचं लहानसं, काटकसरी, फक्त इंजिन शेजाऱ्याकडून मागून आणलेलं. आणि अमेरिकन विमान हात जोडून म्हणालं, मी तुमचाच आहे, पण मला कुठे जुंपायचं ते आधी माझ्या जुन्या मालकाला विचारत जा. मांडव गदगदून हसला. पुढे बसलेला एक म्हातारा, ज्याची बैलजोडी पटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नाव काढून आहे, गुडघ्यावर हात मारून म्हणाला, "असा जावई आमच्याइथी हाय बा."

मला आता कोण थांबवतो. परीक्षा सांगितल्या. विमानाला वाळवंटातल्या भर उन्हात तापवतात आणि मग उडवतात. लेहच्या विरळ हवेत, थंडीत गोठवतात आणि सकाळी आपल्या पायावर सुरू होतं का पाहतात. मी लेहमधलं इंजिन झालो. खोकलो, दोनदा विझलो, तिसऱ्यांदा उठलो. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याने विचारलं, बैलाले चिखलात घालून पाहतो तसंच ना? मी म्हणालो, तसंच, फक्त इथे बैलासोबत साहेबही चिखलात उतरतात आणि बैलापेक्षा त्यांनाच जास्त थंडी वाजते.

तेवढ्यात बहीण मांडवाच्या खांबाशी येऊन उभी राहिलेली दिसली. पदराला हात पुसत, नीट ऐकत. मला वाटलं, तिला मजा येते आहे. म्हणून पुढचा भाग मी खास तिच्याकडे बघून रंगवला.

किंमत सांगितली. बैलाची किंमत वेगळी आणि तो म्हातारा होईपर्यंतची वैरण वेगळी. हवाई दल दोन्ही मोजतं. शिवाय सरकार म्हणतं, नुसता बैल नको, पुढची वासरं आमच्याच गोठ्यात झाली पाहिजेत. विकणारा म्हणतो, गोठा तुमचा, पण वासरू बिघडलं तर जबाबदार कोण? यावर दोघं वर्षानुवर्षं बसून राहतात.

आणि मग माझी सगळ्यात आवडती गोष्ट, फाईल. मी जेवणाच्या गठ्ठ्यातली एक पत्रावळ घेतली, वर धरली आणि म्हणालो, ही ती फाईल. द्या पुढे. पत्रावळ निघाली. मी एकेकाचा हुद्दा पुकारत होतो. हे तांत्रिक समितीवाले, यांना शेपूट आवडलं नाही. हे हिशेबवाले, यांनी फाईल बुडाखाली घेतली. लोकांनी खरोखर बुडाखाली घेतली. हरलेल्या कंपनीने तक्रार केली, मागे घ्या. सरकार बदललं, आणखी मागे घ्या. एकदा तर सगळ्या परीक्षा होऊन, विमान निवडून, सौदाच मोडला, आणि शेवटी दोन सरकारांनी आपसात बोलून थोडीशी विमानं घेतली. बाकीच्यांचं काय? पुन्हा पहिल्या रांगेपासून! पत्रावळ हसत हसत मागे फिरली. बायकांच्या बाजूला गेली. कोणीतरी ती खांबाशी उभ्या असलेल्या माझ्या बहिणीच्या हातात दिली.

ती तिने पुढे दिली नाही. फाटू नये म्हणून खालून तळहात लावून धरून राहिली. काडी निसटलेलं एक पान तिने अंगठ्याने दाबून धरलं. लोक वाट पाहत होते. मी माइक घेऊन तिच्यापर्यंत गेलो, आणि नाटकी आवाजात विचारलं की, मंत्रीणबाई, सही कधी?

तिने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. मी एवढा वेळ जे रंगवून सांगत होतो त्यातला प्रत्येक उशीर तिने जसाच्या तसा जमा करून घेतला होता, आणि आता ती मला, तिच्या सगळं माहीत असलेल्या भावाला, त्यावर उपाय विचारत होती. माइक मीच तिच्या तोंडाशी धरला होता, म्हणून तिचं बोलणं मांडवभर गेलं. लोकांना वाटलं, बाई गंमतीत उतरली. ते पोट धरून हसले, म्हातारा उभा राहून हसला, कोणीतरी शिट्टी मारली. त्या दिवसातलं सगळ्यात मोठं हसू ते. आणि ती एवढंच म्हणाली होती:

"भाऊ, एवढं लांबनार असन, तं तवरी पोरायले घरी पाठवून द्या म्हना."