मार खायला निघालेला मुलगा

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. नोकरीत मी चाकूहल्ले पाहिले, घराघरांतली मारहाण पाहिली. पण त्या सगळ्यांहून जास्त आठवतं ते शाळेतलं एक भांडण.

मी मूळची वसईची. लग्न होऊन सिडनीला आले आणि पोलिसांत भरती झाले. शेवटची काही वर्षं शहराच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात अल्पवयीन मुलांची प्रकरणं माझ्याकडे होती. स्कोफिल्ड्सच्या आसपासच्या, भारतीय कुटुंबांनी भरलेल्या नव्या वस्त्या आमच्या हद्दीत येत, त्यामुळे टेबलापलीकडे मराठी आईबाप बसलेले असणं मला नवीन नव्हतं.

भांडण नववीतल्या दोन मुलांचं होतं. जेवणाच्या सुट्टीत बास्केटबॉल खेळताना एकाने दुसऱ्याच्या आईच्या इंग्रजीची नक्कल केली. दुसऱ्याने त्याला ढकललं. तो मागे पडला तो थेट सिमेंटच्या कठड्यावर. डोक्याचं हाड तडकलं, ऑपरेशन करावं लागलं. ढकलणारा मुलगा पुण्याहून आलेल्या एका आयटीवाल्या कुटुंबातला. शाळेने त्याला सस्पेंड करून घरी बसवलं आणि गुन्ह्याचा तपास आमच्याकडे आला.

तपासात अवघड काही नव्हतं. निम्म्या वर्गाने व्हिडिओ काढला होता. पोरगा पडल्यावरही सगळ्यांचे मोबाइल वरच होते. त्याच्याजवळ गुडघे टेकून बसलेला एकच मुलगा दिसत होता, ज्याने ढकललं तोच.

गुरुवारी सकाळी ठाण्यात फोन आला. त्याच वर्गातल्या एका मुलीची आई बोलत होती.

"माझी मुलगी कालपासून जेवत नाहीये. उद्या शाळा सुटल्यावर ओढ्याजवळ त्या मुलाला मारणार आहेत. जखमी मुलाचा मोठा चुलतभाऊ आणि त्याचे मित्र."

अशा खबरा बऱ्याचदा पोकळ निघतात. पण ही बाई मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात बोलत होती. मला ते खरं वाटलं. चुलतभावाच्या घरी गाडी पाठवली, तर तो घरी नव्हता आणि फोनही उचलत नव्हता. मी पुण्याच्या मुलाला आईवडिलांसह दुपारी ठाण्यात बोलावलं.

आमच्याकडे अल्पवयीन मुलाची चौकशी तो एकटा असताना करता येत नाही, सोबत मोठं माणूस लागतं. इथे दोघं होते, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वडीलच देत होते. मध्येच ते मराठीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्या आहात. आमची पीआरची, इथे कायम राहायच्या परवानगीची, फाइल अजून मंजूर व्हायची आहे. जरा समजून घ्या ना."

"इथे मी फक्त पोलीस आहे," मी म्हटलं. "आणि मला त्याच्याकडून ऐकायचंय."

मुलगा मान खाली घालून बसला होता. चौकशीला आलेली मुलं बहुधा विचारतात, माझं काय होणार? याने तासाभरात तो प्रश्न एकदाही विचारला नाही. विचारलं ते एकच, तेही जखमी मुलाबद्दल, "इज ही ईटिंग?"

मला ते खटकलं. मी वडिलांना बाहेर बसायला सांगितलं. आईला त्याच्या शेजारी खुर्ची दिली.

"उद्या तुला मारायला कोणीतरी येणार आहे. तुला माहितीये?"

"येस."

"कोणी सांगितलं?"

त्याने आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "नोबडी. आय आस्क्ड देम टू कम."

आईला आधी कळलंच नाही. "म्हणजे? तू बोलावलंस त्यांना?"

"हो." पहिल्यांदाच तो मराठीत बोलला. "मी मेसेज केला. म्हटलं, मी एकटा येतो. तुम्ही मला मारा. मग संपलं."

"अरे, पण का?"

"मला कोणी काही करतच नाहीये, आई. शाळेने घरी बसवलं. बाबा म्हणतात वकिलाशिवाय सॉरीपण म्हणायचं नाही. त्याचं डोकं फुटलंय आणि मी घरात पराठे खातोय."

आईने त्याचा हात गच्च धरला. आम्ही मारणाऱ्यांना शोधत होतो आणि मार खायला निघालेला समोर बसला होता. फोन आला नसता तर?

शुक्रवारी तो आईजवळ घरी थांबला. आम्ही दोन गाड्या घेऊन ओढ्यापाशी गेलो. झाडांमागे तिघं उभे होते. चुलतभावाच्या हातात क्रिकेटची बॅट होती. मी हात पुढे केल्यावर त्याने ती मुकाट्याने दिली. "तो येणार नाही असंच वाटलं होतं," तो म्हणाला. "आला असता तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही." घोळक्यात हत्यार धरणारा पुष्कळदा सगळ्यांत जास्त घाबरलेला असतो, आणि धोका त्याचाच असतो.

मुलाने गुन्हा कबूल केला. कोर्टाऐवजी युथ कॉन्फरन्स घ्यायचं ठरलं. तिथे दोन्ही घरं समोरासमोर बसतात आणि मुलाने काय भरपाई करायची ते ठरवतात. जखमी मुलगा टोपी घालून आला होता. त्याची आई वृद्धाश्रमात सकाळच्या शिफ्टला जायची.

"मला याला तुरुंगात बघायचं नाही," ती म्हणाली. "माझा मुलगा बसस्टॉपवर जायला घाबरतो. पोरं त्याच्या टाक्यांचे फोटो काढतात. मला त्याला सोडायला जावं लागतं, शिफ्ट बुडते. टर्म संपेपर्यंत रोज सकाळी हा त्याच्याबरोबर तिथे उभा राहील."

पुण्याच्या मुलाचे वडील उठलेच. "सगळ्या शाळेसमोर? त्यापेक्षा कोर्ट परवडलं. सगळी मुलं बघतील याला!"

"बघू देत," ती म्हणाली.

"आय'ल डू इट," मुलगा म्हणाला.

जखमी मुलाने एकच अट घातली, "माझ्याशी बोलायचं नाही."

पहिल्या दिवशी मी साध्या कपड्यांत रस्त्यापलीकडे गाडीत बसले होते. घोळक्यातून एकाने जखमी मुलाच्या दिशेने मोबाइल वर केला. पुण्याचा मुलगा काही न बोलता त्या मोबाइलच्या आणि जखमी मुलाच्या मधे जाऊन उभा राहिला. मोबाइल खाली गेला. बस आली, दोघं चढले आणि लांब लांब बसले. त्यांची मैत्री झाली असं कोणी मला कधी सांगितलं नाही; पण टर्मभर त्याने एक दिवसही चुकवला नाही.

मारामारी करणाऱ्या पोरांना काय शिक्षा द्यावी, असं पालक मला अजूनही विचारतात. कुणाला कडक हवी असते, कुणाला अजिबात नको असते. मी एवढंच सांगते, की जे मोडलं त्याच्यासमोर मुलाला उभं करा, आणि वेळेवर करा. आपण वकील, शाळा, व्हिसा यांत अडकून राहिलो, तर मूल स्वतःची शिक्षा स्वतःच ठरवतं. आणि किती शिक्षा पुरे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कळत नाही.