रोजचा पहिला पंप फेल

"तुमचा बेंच उचला. उद्या टेम्पो लावतो," मॅनेजर सोनवणे साहेब म्हणाले.

नगरच्या एमआयडीसीत त्यांचा पंपांचा कारखाना. पंपाचं प्रेशर तपासणारा टेस्ट बेंच मी दिलेला. तक्रार एकच: रोजचा पहिला पंप फेल, बाकीचे पास. 'बेंच सदोष' अशी मेल त्यांनी हेड ऑफिसपर्यंत सगळ्यांना टाकली होती. बेंच परत आला असता, तर या एमआयडीसीत मला कोणी दारात उभं केलं नसतं.

"वायरमनला काम दिलं की असंच होतं," ते पुढे म्हणाले.

आयटीआय करून मी वायरमन म्हणूनच सुरुवात केली. पण ते दर भेटीत ऐकवायची गरज नाही. माझं डोकं सटकलं. "आधी डेटा बघू द्या. मग टेम्पो बोलवा."

टेस्ट चालू असताना बेंच सतत प्रेशर फाइलमध्ये नोंदवतो. माझा प्रोग्राम त्या फायली वाचतो. तो ओळी लिहून केलेला नाही. स्क्रीनवर चौकोन मांडायचे आणि वायरींनी जोडायचे. एक चौकोन फाइल उघडतो, दुसरा आकडे काढतो, तिसरा सरासरी. सरासरी कमी आली की पंप फेल.

मी सरासरी बाजूला ठेवली आणि सगळ्या फायलींचे आलेख काढले. रोजच्या पहिल्या फाइलमध्ये आधी शून्यावर लांब सपाट रेघ, मग प्रेशर व्यवस्थित. सेन्सर बिघडला असता तर दिवसभर बिघडला असता.

सकाळी शिफ्टच्या आधीच बेंचपाशी जाऊन उभा राहिलो. सोनवणेही आले. ऑपरेटर भाऊसाहेबांनी बेंचचं स्टार्ट दाबलं. हिरवा दिवा लागला. मग त्यांनी अगरबत्ती पेटवली, बेंचला ओवाळली, डोळे मिटून हात जोडले. पंपाचं बटण त्यानंतर.

"भाऊसाहेब, स्टार्ट पूजेच्या आधीच?"

"मंग, बंद मशिनीची पूजा करायची व्हय? दिवा लागला म्हंजी ती जागी झाली."

स्टार्ट दाबलं की नोंद सुरू. पूजेचं शून्य सरासरीत जात होतं.

"उद्यापासून अगरबत्ती बंद," सोनवणे म्हणाले. भाऊसाहेबांचं तोंड उतरलं.

"अगरबत्ती चालू राहील," मी म्हणालो. "प्रेशर चढल्यावरचेच आकडे धरायचे, एवढा एक चौकोन वाढवतो. पण 'बेंच बरोबर आहे' अशी मेल जाईल. त्याच सगळ्यांना."

"आपल्या आपल्यात मिटवू की."

"मग टेम्पो बोलवा."

"तुम्ही लई ताणता राव."

जुन्या फायली नव्या चौकोनातून पुन्हा वाचल्या. कोपऱ्यात फेल म्हणून लाल टॅग लावून ठेवलेले पंप पास निघाले. मेल जेवणाच्या सुट्टीआधी गेली. बेंच जागेवर आहे. सोनवणे मला अजून वायरमनच म्हणतात. त्यांच्या पुढच्या कोटेशनमध्ये मी त्याचे पैसे धरले आहेत.

आता नवीन ठिकाणी बेंच बसवला की व्होल्टेज नंतर तपासतो. आधी ऑपरेटरला विचारतो, पूजा कधी करता?